शेषरावजीचा भाऊ

अमरावतीच्या भाजीबाजारात त्या सकाळी झालं ते इतकंच. अडत्याकडे नवा मुनीम आला होता. त्यानं कानावरची पेन्सिल काढून विचारलं, "ही काटेरी वांग्याची गाडी कोनाची?" आणि सहदेव हमालानं पाठीवरचं पोतं न टेकवताच सांगून टाकलं, "थे होय? थे शेषरावजीच्या भावाची." मुनिमानं "अच्छा, अच्छा" केलं, शेषरावजींना आपण चांगले ओळखतो अशी मान हलवली आणि तो पुढच्या गाडीकडे गेला. सहदेव भला माणूस, आपण काही वावगं बोललो असं त्याच्या मनातही आलं नसेल. देवीदासची मात्र कानशिलं तापली. वांगी कुणाची? देवीदासची. धामणखेडच्या म्युनिसिपल कमिटीचा मेंबर कोण? देवीदास. मागच्या निवडणुकीत चांगल्या सावकाराला पाडून हा माळी निवडून आला तेव्हा हलगी कुणाच्या दारात वाजली होती? आणि शेषराव म्हणजे त्याच कमिटीच्या हापिसातला कारकून, मेंबर आत आले की लेखणी ठेवून उठून उभा राहणारा. त्यानं आयुष्यात या बाजारात एक जुडी विकली नव्हती. तरी ओळख त्याची, आणि तीही 'जी' लावून. देवीदास नुसता भाऊ.

परतीच्या वाटेवर रिकामी गाडी खडखडत होती आणि देवीदासला तो खडखडाट बरा वाटत होता, कारण त्यात स्वतःचं मन ऐकू येत नाही अशी त्याची समजूत होती. पण मन म्हणजे काही बैल नव्हे, कासरा ओढला की थांबायला. ते बडनेऱ्याच्या अलीकडेच मागं वळलं आणि थेट लहानपणच्या शाळेत जाऊन बसलं. शेषराव त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, पण डोक्यानं तल्लख म्हणून मास्तरानं त्याला वरच्या वर्गात चढवलेला. दोघं एकाच वर्षी चौथीच्या परीक्षेला बसले. शेषराव पास झाला, देवीदास नापास. बापानं नापास झालेल्याच्या हातात मोटेचा कासरा दिला आणि पास झालेल्याच्या हातात पुढचं पुस्तक. यात अन्याय तरी कुठं होता? पण पुढं शेषराव नोकरीला लागला, चारचौघांत बसायला लागला, तेव्हा तो लोकांना सांगू लागला की माझ्या दादानं माझ्यासाठी शाळा सोडली. असं तो सोयरिकीत सांगे, हापिसात सांगे, डोळ्यांत पाणी आणून सांगे. खरं काय ते दोघांनाच माहीत होतं. एकदा देवीदास चिडून म्हणालाही, "काहून खोटं सांगत राह्यतं रे?" तर शेषराव हसला, "असू दे ना दादा, तुया मान राह्यते." तो मान देवीदासला तेव्हापासून काट्यासारखा सलत होता. धाकट्यानं शाळा घेतली, नोकरी घेतली, ते एक वेळ पचलं असतं. पण वर त्यानं थोरल्याला मोठेपणाही आपल्याच पदरचा द्यावा, हे पचत नव्हतं.

आणि मग ती पेन्सन. घरात हा शब्द पहिल्यांदा आला तेव्हा आई, पार्बताबाई, ज्वारी पाखडत होती. शेषरावनं तिला समजावून सांगितलं की नोकरी संपल्यावरही महिन्याच्या महिन्याला कमिटी घरबसल्या पैसे देईल, मरेपर्यंत. पार्बताबाईच्या हातातलं सूप थांबलं. तिचा नवरा मोट हाकता हाकता बैलांच्या धावेवरच मेला होता. बैल नुसतेच उभे राहिले म्हणून माणसं बघायला गेली तेव्हा कळलं. आपल्या पोटच्या पोरांतला एक तरी असा राबता राबता पडणार नाही, अंथरुणावर, छपराखाली, औषधपाणी घेत मरेल, हे ऐकून ती रडली. देवीदास तेव्हा दारात उभा होता, पायाला चिखल, आणि आईचं ते रडणं आपल्या वाट्याचं नाही हे त्याला त्या क्षणी कळलं. त्या दिवसापासून पार्बताबाईनं पेन्सन देवघरातच बसवली म्हणा ना. पाव्हणा आला, माह्या शेषरावले पेन्सन हाय. शेजारीण आली, माह्या शेषरावले पेन्सन हाय. देवीदासची बायको सुभद्रा, तीही कमी नव्हती. भाऊजी आले की त्यांचा चहा बशी लावलेल्या कपात, कप राखेनं दोनदा घासलेला. देवीदासचा चहा पितळी वाटीत. "तुमाले वाटीच आवडते ना," असं ती म्हणे. त्याला वाटी आवडते हे त्यालाही तिच्याकडूनच कळलं होतं.

आता आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेषरावची नोकरी संपणार होती. पेन्सन घेऊन तो अकोल्याला जाणार होता. त्याची लेक जयवंता जठारपेठेत दिली होती, तिच्या घराजवळ दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. खोल्यांपुढं ओटा आहे, ओट्यावर सकाळचं ऊन येतं, असं तो आईला सांगायचा. आणि पार्बताबाई म्हणाली होती, "मी बी येतो बाप्पा तुयासंग. आता या चिखलात काय हाय माह्यं?" चिखल म्हणजे मळा, आणि चिखलात होता तो देवीदास. ज्या मळ्यावर तिनं आजवर भाकर खाल्ली, ज्याच्या हातची खाल्ली, तो तिच्या लेखी 'काय हाय' मध्ये गेला. त्या दिवशी देवीदासनं दुपारी जेवताना दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, नुसत्या रागानं, आणि संध्याकाळपर्यंत पोट धरून बसला.

बत्तीस सालचा तो चैत्र होता. कापसाचा भाव असा पडला होता की जिनांची धुराडी गार पडली होती आणि जकातीच्या नाक्यावर गाड्याच येत नव्हत्या, मग कमिटीला उत्पन्न कुठलं? कमिटीचे अध्यक्ष नत्थुजी जिनवाले बाजाराहून परतलेल्या देवीदासला त्याच दुपारी भेटायला आले. बाजेवर बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "देवीदासजी, मी ठराव आणून राह्यलो. जे अजून नौकरीत हायेत, त्यायची पेन्सन बंद. जाताना एकदाची काही रक्कम हातावर ठेवू आन राम राम. आपला कास्तकार उनात मरते, आन हे सावलीत बसलेले मरेपावतो खातीन? तुमीच सांगा."  देवीदासच्या छातीत काहीतरी गोड असं हललं आणि त्यानं ते कुणाला दिसू नये म्हणून बैलाकडे बघितलं. इतकी वर्षं जे आत कुजत पडलं होतं त्याला नत्थुजींनी धुऊन, पांढरा सदरा घालून, चारचौघांत न्यायजोगं करून दिलं होतं. कास्तकाराचा घाम! गरिबाचा पैसा! हेवा म्हटलं तर माणूस लाजतो. तत्त्व म्हटलं की आवाज चढवून बोलता येतं. देवीदास पुढचे काही दिवस आवाज चढवून बोलला. पानठेल्यावर बोलला, देवळाच्या पारावर बोलला. लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या बाजूनं भगवंतराव वकील लोकांना सांगत फिरत होते की माणूस उमेदीच्या वयात कमी पगारावर राबला तो म्हातारपणी मिळणाऱ्या शब्दावर, आणि कापूस पडला म्हणून दिलेला शब्द पाडता येत नाही. देवीदास सोडून कमिटीचे बाकीचे मेंबर दोन्हीकडे सारखे वाटले गेले होते. देवीदासचा हात विरोधात गेला तर ठराव पडतो, हे गावात चहा उकळणाऱ्यालाही माहीत झालं.

म्हणून तो वाट बघू लागला. शेषराव येईल. आला पाहिजे. येईल आणि म्हणेल, दादा, हात वर कर. एकदाच म्हणेल, पण त्याला म्हणावं लागेल. देवीदासनं ते बोलणं मनात इतक्या वेळा ऐकलं की त्यातला शेषरावचा आवाज कुठं कापरा होतो हेही ठरून गेलं. कधी त्यात तो उदार व्हायचा, भावाच्या पाठीवर हात ठेवायचा, आणि पार्बताबाई दारातून बघत असायची. कधी नुसता गप्प बसून भावाला घाम फोडायचा. खरं तर दुसरंच चित्र त्याला जास्त आवडायचं.

शेषराव आला, सभेच्या आदल्या संध्याकाळी. सुभद्रानं कप घासायला घेतला. तो बाजेवर बसला आणि बागेकडे बघत राहिला. त्याचे केस कानावर पांढरे झाले होते, बोटाला शाई होती. "दादा, संत्र्यानं यंदा आंबिया बहार चांगला धरला," तो म्हणाला. देवीदास म्हणाला, "धरला." "पानी पुरते?" "पुरते." "पुरू दे बापा. आता येशाखात पानी तोडू नको. फळ गळते." मग तो उठला, आईच्या पायाशी घटकाभर बसला आणि निघाला. देवीदास त्याच्यामागून फाटकापर्यंत गेला. कशाला गेला? फाटकाशी शेषराव थांबला, त्यानं तोंड उघडलं, आणि देवीदासनं कान टवकारले, आता म्हणणार. "फाटकाची कडी सैल झाली पाह्य, ढोरं घुसतीन," असं म्हणून शेषराव गेला. मागितलं नाही! देवीदासला वाटलं, केवढा हा माज. मागितलं असतं तर दिलं नसतं का? तो स्वतःला सांगत राहिला की दिलं असतं, नक्कीच दिलं असतं. आणि ते खोटं आहे हे त्याला माहीत होतं.

सभेला हापिसाच्या ओट्यावर कारकून, शिपाई, शाळेचे मास्तर उभे होते. कुणी ओरडत नव्हतं. देवीदास आत शिरला तेव्हा त्यांनी वाट करून दिली, आणि त्याला बाजाराची आठवण झाली, कारण कुणीतरी हळूच म्हणालं, "शेषरावजीचे भाऊ हायेत, वाट द्या." आत शेषराव आपल्या टेबलाशी बसला होता. सभेचं कामकाज लिहिणं हे त्याचंच काम, मग ते कुणाच्याही मुळावर येवो. त्यानंच ठराव वाचून दाखवला, त्याच स्वच्छ, चौथी पास झालेल्या आवाजात, कुठं अडखळला नाही. वकील बोलले, नत्थुजी बोलले. कमिटीत जुनी पद्धत अशी की अध्यक्ष फक्त विरोध असणाऱ्यांना हात वर करायला सांगत. जो हात खाली, तो राजी धरला जाई. हो म्हणायला तोंड उघडावं लागत नसे. नत्थुजींनी विचारलं आणि पलीकडच्या बाकावरचे हात वर गेले. देवीदासचे हात मांडीवर होते. त्याला आपल्या नखांत मेथीच्या वाफ्यातली माती दिसली. शेषरावनं हात मोजले, मान खाली घातली, लेखणी दौतीत बुडवली. पण लिहिलं नाही. त्यानं पुन्हा वर बघितलं, देवीदासकडे, आणि जरा थांबला. गरजेपेक्षा जास्त थांबला. त्या नजरेत विनवणी असती तर देवीदासला जन्माचं सुख झालं असतं. विनवणी नव्हती. लहानपणी विहिरीत उडी मारायला देवीदास कचरायचा तेव्हा काठावर उभा राहून शेषराव असाच थांबायचा, मार ना दादा, मी हाय. तीच नजर. देवीदासच्या मांडीवरचा हात जड झाला. तो उचलला असता तर उचलला गेला असता, इतपतच जड. मग नत्थुजी म्हणाले, "लिहा शेषरावजी, मंजूर," आणि शेषरावनं लिहिलं.

त्यानंतरचे दिवस देवीदासनं मजेत काढले असं म्हणायला हवं. अकोल्याच्या खोल्या सुटल्या. ओट्यावरचं ऊन जठारपेठेतच राहिलं. हातावर ठेवलेल्या रकमेत दुसऱ्या गावी बिऱ्हाड मांडता येत नाही, तेव्हा आईही कुठं जात नाही. तो मोटेवर गाऊ लागला. पार्बताबाई बोलायची बंद झाली होती हे खरं, पण बोलेल, जाते कुठं? बाजारात सहदेवनं विचारलं, "शेषरावजीची पेन्सन गेली म्हने?" आणि देवीदास तोंड पाडून "हो ना बापा, लय वाईट झालं" म्हणाला, आणि त्या पडलेल्या तोंडाच्या आत त्याची जीभ टाळूला लागून गोड गोड होत होती. माणसानं इतकं खूश असावं का, असा विचार त्याच्या मनात आला होता. त्यानं तो बाजूला सारला.

बापानं जिवंतपणीच जमीन वाटून दिली होती, विहीर मात्र एकच होती. एक दिवस थोरल्याची पाळी, एक दिवस धाकट्याची. शेषराव नोकरीत, त्याचा वाटा पडीक, म्हणून तो दरसाल आखजीला, पितरांच्या नावानं घागर भरून झाली की त्याच घागरीतली धार दादाच्या ओंजळीत सोडायचा आणि म्हणायचा, "यंदा बी माही पाळी तुले." वर्षाचा करार तो एवढाच. देवीदासला ती ओंजळ पुढं करणं जिवावर यायचं, थोरल्यानं धाकट्यापुढं हात पसरायचे म्हणजे काय? पण पाणी मात्र त्यानं स्वतःचं धरलं. दोन्ही दिवसांच्या पाण्यावर त्यानं संत्री लावली, वांगी वाढवली. सभेत हात मांडीवर ठेवताना विहीर त्याच्या मनात आलीच नव्हती. पेन्सनशी विहिरीचा संबंध काय?

आखजीला शेषराव आला. घागर भरली, फुलं वाहिली. देवीदासनं नेहमीसारखी नाराजीनं ओंजळ पुढं केली. शेषरावनं घागर खाली ठेवली. "दादा, यंदा माही पाळी मीच घेतो," तो म्हणाला. रागानं नाही, नेहमीच्याच आवाजात. "आता दुसरं काय हाय मले?" देवीदासची कोरडी ओंजळ तशीच पुढं राहिली. कुठं न्यावी ते त्याला कळेना, म्हणून त्यानं त्याच हातांनी तोंड पुसलं.

वैशाखात ऊन असं पेटलं की काळी जमीन भेगाळली. एका दिवसाच्या पाण्यात एक तर संत्री जगणार, नाही तर भाजी. देवीदासनं आधी भाजी सोडली, मग संत्र्यांच्या अर्ध्या ओळी सोडल्या. फळ गळायला लागलं, सुपारीएवढं, हिरवं, पायाखाली चुरचुरायचं. पण त्याला जाळत होतं ते निराळंच. शेषरावच्या दिवशी देवीदासला काम नसे, आणि काम नसलेला माणूस बघत बसतो. शेषराव मोट हाकत होता, कुणाचे तरी मागून आणलेले बैल, हातात कासरा लेखणीसारखा धरलेला. मोट अर्धी सांडायची, पाय घसरायचा, तळहात फुटले तेव्हा त्यानं फडकी बांधली. हसावं असं सगळं होतं. आणि विहिरीच्या काठावर, बाभळीच्या जराशा सावलीत, पार्बताबाई येऊन बसलेली असायची. "हळू रे, हळू, आंगावर घेऊ नको," असं ओरडायची. भाकर फडक्यात बांधून आणायची, कांदा मुठीनं फोडून द्यायची. देवीदासनं त्या धावेवर पाऊण जन्म काढला होता. ती एकदाही येऊन बसली नव्हती. त्याला वाटायचं की बाई कामाची आहे, तिला सवड नसेल. सवड होती तर. शेषरावची पेन्सन गेली आणि आई त्याच्याबरोबर अकोल्याला जायच्या ऐवजी त्याच्या मोटेशी येऊन बसली, आणि देवीदासला आता पेन्सनीचा नाही, त्या फुटलेल्या तळहातांचा हेवा वाटू लागला. त्यानं एकदा स्वतःचे हात बघितले. घट्टे पडलेले, जुने, कशानंही न फुटणारे. त्यांना फडकं बांधायला कोण येणार?

"झाडं चालली तुमची," सुभद्रा म्हणाली. "जाऊन बोला ना भाऊजीसंग. थे काय नाई म्हनतीन?" नाही म्हणणार नाही, हेच तर होतं. तरी तो गेला. बोलायला नाही, फक्त बांधापर्यंत. शेषरावचा दिवस होता. त्याच्या वाफ्यांत मेथी वर आली होती, नवशिक्याच्या हातची, दाट, वेडीवाकडी, आणि पाणी दांडानं झुळझुळ येत बांधापाशी वळत होतं. पलीकडे देवीदासची संत्री पानं मुरडून उभी होती. शेषरावनं मोट थांबवली, डोक्याचं फडकं सोडून मान पुसली आणि तो जवळ आला. उन्हानं तो काळा पडला होता. बापासारखा दिसत होता. देवीदासला हे आधी कधी दिसलं नव्हतं. बापाचं तोंड आपल्याला आलंय असं तो आजवर समजत होता.

"दादा," शेषराव म्हणाला, "माह्या मेथीले पुरे झालं. उरलेलं पानी तुह्या संत्र्याकडे फोडतो. आजची माही पाळी घे तू."

नोकरी संपली होती. पेन्सन गेली होती, भावाच्या खाली राहिलेल्या हातानं गेली होती. तळहाताला फडकी होती. आणि देत होता तो शेषरावच. काठावर बसलेली आई वर मान करून बघत होती. देवीदासला झाडं दिसत होती, गेल्या कितीतरी उन्हाळ्यांत लेकरासारखी सांभाळलेली, एक भिजवण मिळाली तर तगतील अशी. त्याला फक्त हूं म्हणायचं होतं.

"नको," तो म्हणाला.

शेषरावनं त्याच्याकडे क्षणभर बघितलं. "बरं," तो म्हणाला, आणि खोरं घेऊन दांड आपल्या पडीक तुकड्याकडे फोडायला गेला. देवीदास बांधावरून हलला नाही. पाणी पडीक तुकड्यात शिरलं, भेगांत गेलं, तरी हलला नाही. शेषराव अजून एकदा म्हणेल, एकदाच, म्हणून तो उन्हात उभा राहिला. शेषराव खाली वाकून खोऱ्यानं माती ओढत होता. त्यानं मागं वळून बघितलं नाही.